छातीचं हाड

कोपर ते मनगट या भागात दोन हाडं असतात. त्यातलं करंगळीकडचं हाड एकटंच मोडलं असेल, तर त्याचं कारण बहुधा एकच असतं. डोक्यावर येणारा फटका माणसानं हात आडवा धरून झेललेला असतो. पडलं तर मनगट जातं, खांदा निखळतो. हे हाड सहसा जात नाही. डॉ. यमुना डोणगावकरांना नागपूरच्या कॉलेजात हे एका ओळीत शिकवलं होतं. अमडापूरच्या धर्मादाय दवाखान्यात आल्यापासून ती ओळ त्यांना पुष्कळ बायकांच्या हातांवर वाचायला मिळाली होती.

त्यामुळे कोकिळाला घेऊन आलेली शेजारीण विमलबाई, विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली म्हणून सांगू लागली, तेव्हा यमुनाबाईंनी नुसतं हं केलं आणि कोकिळाच्या पाठीवरचा पदर बाजूला सारला. पाठीवर मनगटाएवढे रुंद वळ उठले होते, काही ठिकाणी कातडी फाटून त्यात गोठ्यातली माती भरली होती. समोरचे दोन दात मुळाशी तुटले होते. डावा डोळा सुजून मिटला होता.

"विहिरीनं जुवाची शिवळ कुठून आणली?" यमुनाबाईंनी विचारलं.

विमलबाईनं मान खाली घातली. मग हळूहळू सगळं सांगितलं. मारणारा कोकिळाचा धाकटा दीर पुंजाजी. आदल्या संध्याकाळी त्यानं वहिनीला केसांना धरून गोठ्यात ओढत नेलं, दार आतून लावलं आणि बैलांच्या जुवातली दांडक्यासारखी लाकडी शिवळ काढून तो तिला मारत सुटला. दर फटक्याला एकच विचारत होता, दादाले सोमल कशातून घातलं ते सांग. बैल दावणीला हिसडे देत होते, बाहेर भावकी उभी होती, आणि कोणी दार ठोठावलं नाही.

'सोमल' हा शब्द ऐकला आणि यमुनाबाईंच्या हातातला कापसाचा बोळा तसाच थांबला. तो शब्द त्यांचाच होता.

कोकिळाचा नवरा उकंडराव गेला पंधरवडा याच दवाखान्यात, पुरुषांच्या खोलीत पडून होता. दुष्काळ सरल्याला वर्ष झालं होतं, कापूस बरा आला होता, आणि त्याच हंगामात या पंचेचाळिशीच्या धडधाकट माणसाचे पाय गेले होते. पुंजाजीनं त्याला पाठीवर घालून आणलं होतं. आई-बाप गेल्यावर या भावानंच पुंजाजीला वाढवलं होतं. आता तो त्याला परसाकडेही पाठीवरूनच नेत असे. उकंडरावाचे तळवे बधिर होते, कातडी तव्यासारखी काळवंडली होती, पायांवर पाणी साठलं होतं. बधिर पाय, काळी कातडी आणि हळूहळू खालून वर चढणारा लुळेपणा. यमुनाबाईंनी विचार केला, आणि कंपाउंडर सईदला सांगितलं, "सोमल असावं. अकोल्याहून त्यावरची इंजेक्शनं मागवा."

पुंजाजी तिथंच भावाचे पाय धरून बसला होता. सोमल काय असतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. कातड्यासाठी लोकांची गुरं मारणारे तेच विष चारत. त्यानं एवढंच विचारलं की हे माणसाच्या पोटात जातं कसं. यमुनाबाई म्हणाल्या, "खाण्यातून." आणि पुढच्या रोग्याकडे वळल्या.

ते 'खाण्यातून' पुंजाजी घरी घेऊन गेला.

घरी त्याची बायको पुष्पाबाई होती. पुरुष उठले की बायकोनं त्याच ताटात, नवऱ्याचं उरलेलं घेऊन जेवायचं, ही त्या घरची रीत. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी कोकिळानं ती मोडली नव्हती. पण गेल्या दिवाळीपासून तिनं ते ताट धरायचं सोडलं होतं. उकंडरावाचं ताट ती राखेनं घासायची, वेगळं पालथं घालायची, आणि स्वतः दुसऱ्या ताटात वाढून घ्यायची. पुष्पाबाईच्या हे कधीचं डोळ्यात भरलं होतं. सोमलाचं कळल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "बाई आपल्या नवऱ्याचं उष्टं काऊन सोडीन? तुमीच सांगा."

पुंजाजीला याहून मोठा पुरावा लागला नाही.

यमुनाबाईंनी कोकिळाचा हात सरळ केला. हाडाची टोकं एकमेकांवर घासली तेव्हा तिनं तोंडातला पदर आणखी आत कोंबला, पण आवाज काढला नाही. सईदनं प्लास्टर कालवलं. ते बांधून झाल्यावर यमुनाबाईंनी तिला एकटीला विचारलं, ताट का सोडलं.

"मले सांगता येत नाई, बाई."

"तुला मारून टाकतील ते."

"हाव."

"तरी?"

कोकिळानं उघड्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. तुटलेल्या दातांमधून शब्द फसफसत येत होते. "सोमल म्हून पह्यलं तुमीच म्हनल्या ना?"

"हो. मीच म्हणाले."

"खरं हाय का ते?"

यमुनाबाईंनी प्लास्टर वाळलं का ते दाबून पाहिलं. चौकीवर वर्दी द्यायची का, असं त्यांनी विचारलं. कोकिळानं मान हलवून नाही म्हटलं. यमुनाबाईंनी तिला बायकांच्या खोलीत कोपऱ्यातली खाट दिली, आणि त्या पुरुषांच्या खोलीत गेल्या.

सोमल खरं असेल तर ही बाई खुनी ठरत होती. खोटं असेल तर तिचा हात, दात आणि यापुढं जे काही होणार होतं ते सगळं त्यांच्या एका शब्दावर उभं होतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि उकंडरावाला पहिल्यापासून पाहायला घेतलं, जणू तो आजच आला आहे.

इंजेक्शनांनी तसूभर फरक पडला नव्हता. हे एक. सोमलानं नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. याची नखं मुळापासून टोकापर्यंत दुधासारखी पांढरी होती. सोमलानं केस गळतात, याच्या नडग्यांवर ते बोकडाच्या केसांसारखे राठ आणि दाट वाढले होते. तळहात सोमलानं खरबरीत व्हायला हवे होते, ते मऊच होते. यकृत दोन बोटं वाढलेलं. लघवीत साखर. डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं तर आत नजरेची शीर जिथून निघते तिथं सूज होती, आणि ती सोमलात का असावी हे त्यांना कुठं वाचल्याचं आठवेना. एका माणसाला एकाच वर्षी सहा रोग व्हावेत हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं. एकच काहीतरी होतं, आणि त्याचा धागा सापडत नव्हता.

तपासायची राहिली होती ती फक्त छाती. उकंडराव बंडी काढू देत नव्हता. आला त्या दिवसापासून तो दोन्ही हात छातीवर बांधून पडलेला असे, आणि नळी लावायला यमुनाबाई वाकल्या की कापडावरूनच लावा म्हणे. बाईमाणसासमोर लाजत असेल म्हणून त्यांनी सईदला पुढे केलं होतं. सईदनं थट्टाही करून पाहिली. "उकंडभाऊ, बंडीत सोनं शिवलं हाय का? आमी काय लुटून नेऊन राह्यलो?" उकंडरावानं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

आज यमुनाबाईंनी थेटच सांगितलं. "तुमच्या भावानं तुमच्या बायकोचा हात मोडलाय. ती पलीकडच्या खोलीत आहे. मला तुमची छाती पाहू द्या."

त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानाकडे गेलं. पण त्यानं हात सोडले नाहीत, तोंड भिंतीकडे फिरवलं.

दोन दिवसांनी बाजाराचा दिवस उजाडला. दुपारी दवाखान्यात गर्दी होती, बाजाराला आलेली माणसं त्याच फेरीत औषधं घेत. पुंजाजी आला तो एकटा नव्हता, भावकीतले दोघं त्याच्यासोबत होते. एक पंजाबराव, त्याच्या हातात तेल पाजलेली काठी. दुसऱ्याचं नाव यमुनाबाईंना कधीच कळलं नाही. ते पुरुषांच्या खोलीत गेले. उकंडरावाला पुष्पाबाईच्या हातचं जेवण आलं होतं. पुंजाजीनं भावाला उठवून बसवलं, स्वतःच्या हातानं चार घास भरवले. भाकरी कुसकरून वरणात कालवलेली होती, त्यातली अर्धी ताटात उरली.

ते ताट उचलून पुंजाजी बायकांच्या खोलीत शिरला. दुसऱ्या हातानं त्यानं कोकिळाला खाटेवरून खाली ओढलं आणि फरशीवरून फरफटत व्हरांड्यातून पुरुषांच्या खोलीत आणलं. बाळंतिणी ओरडत बाहेर पळाल्या. सईद आडवा आला, तर पंजाबरावानं काठीचं टोक त्याच्या पोटात खुपसलं; सईद दाराच्या चौकटीवर आपटला आणि तिथंच बसला.

यमुनाबाई धावत आल्या तेव्हा कोकिळा उकंडरावाच्या खाटेपुढं गुडघ्यांवर होती आणि ताट तिच्यासमोर होतं.

"जेव," पुंजाजी म्हणत होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच भेसूर वाटत होतं. "दादाचं उष्टं हाय. माह्या बायकोनं रांधलं, माह्या हातानं भरवलं. ह्याच्यात काई नाई. तुह्या मनात पाप नसंन तं जेव, वयनी. आत्ता तुह्या पाया पडतो."

कोकिळानं ताटाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिनं मान हलवली.

"पाह्यलं?" पुंजाजी भावकीकडे वळून म्हणाला. "आपल्याच हातानं सवय मोडली. आता तोंडात घास जात नाई."

यमुनाबाई मधे शिरल्या. त्यांनी पुंजाजीचा दंड धरला; त्यानं नुसता झटका दिला आणि त्यांचं तोंड खाटेच्या लोखंडी दांडीवर आदळलं. ओठ फाटला. रक्त हनुवटीवर आलं. त्या उठेपर्यंत त्या दुसऱ्या माणसानं कोकिळाच्या मानेवर गुडघा दिला होता, आणि पुंजाजी ताटातला काला मुठीनं तिच्या तोंडात कोंबत होता. तिनं दात आवळले. तुटलेल्या दोन दातांच्या जागेतून त्यानं बोटं आत घातली. बोटांना रक्त लागलं, वरणाला लागलं, तिच्या नाकातून काला बाहेर आला. ती गुदमरत होती आणि तरीही घास गिळत नव्हती. दाराखिडक्यांशी बाजाराची माणसं जमली होती. चौकीवर कोणी गेलंय का, असं यमुनाबाईंनी ओरडून विचारलं. कोणीतरी म्हणालं, जमादार बाजारात बंदोबस्ताला हाय.

"तिले नका चारू."

आवाज इतका बारीक होता की पहिल्यांदा कोणाला ऐकू गेला नाही. उकंडरावानं दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पुंजाजीचा हात थांबला.

"तिले नका चारू रे. माहं उष्टं हाय ते." मग त्यानं दोन्ही हातांनी बंडी धरली आणि गळ्यापासून खालपर्यंत टराटरा फाडली. "मले रगतपिती झाली. म्याच म्हनलो तिले, माह्या ताटात जेवू नको म्हून. माह्या मढ्याची आन घातली तिले."

खोलीतली सगळी माणसं एक पाऊल मागे सरकली. उकंडरावाची छाती बाईसारखी वाढली होती. काळ्या कातडीवर गुंजेएवढे लालभडक ठिपके विखुरले होते.

तो सांगत राहिला, कोणाकडेही न पाहता. दिवाळीच्या आधी चुलीतला निखारा पायावर पडला आणि मांस जळल्याचा वास आला तेव्हा त्याला कळलं, पाय मुका झाला म्हणून. मग चेहरा काळा पडला. मग छाती ही अशी. पुंजाजीच्या पोरीचं जमून राहिलं होतं. घरात महारोग निघाला असं कळलं असतं तर सोयरीक मोडली असती, आणि त्याला शेताच्या बांधावर खोपटात नेऊन टाकलं असतं. म्हणून तो गप्प राहिला. कोकिळाला त्यानं जपलं, म्हणून ताट वेगळं केलं. एवढंच.

पंजाबराव आणि तो दुसरा माणूस केव्हा गेले ते कोणाला दिसलं नाही. खिडक्या मोकळ्या झाल्या. बाहेरून कोणीतरी दगड मारला; तो गजांवर आपटून खाली पडला. शेजारच्या खाटेवरचा तापाचा रोगी भिंतीला धरत निघून गेला.

पुंजाजी मात्र राहिला. त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, मग खांद्याकडे, जिथं भावाची हनुवटी रोज टेकत असे. "म्या तुले पाठीवर घेतलं," तो म्हणाला. "माहे लेकरं तुह्या मांडीवर खेयले. काऊन नाई सांगतलं मले?" आणि त्यानं उकंडरावाच्या कानशिलात मारली. पाय लुळे पडलेला माणूस खाटेवर आडवा कलंडला. पुंजाजीनं त्याला मानेला धरून पुन्हा बसवलं आणि पुन्हा मारलं, मग मुठीनं, मग ताटानं. पितळेचं ताट भुवईवर लागलं आणि भुवई उघडली. तो रडत होता आणि मारत होता. यमुनाबाई त्याच्या पाठीला लोंबकळल्या तरी त्याला त्याची जाणीव नव्हती.

कोकिळा उठली. तिच्या तोंडातून रक्त आणि वरण गळत होतं. तिनं प्लास्टरचा हात दुसऱ्या हातानं मनगटाशी धरला, कुऱ्हाड धरावी तसा उचलला, आणि दिराच्या तोंडावर आणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज साऱ्या खोलीनं ऐकला. प्लास्टर उभं तडकलं. पुंजाजी फरशीवर बसला आणि दोन्ही हातांनी नाक धरून तसाच बसून राहिला. कोकिळा भिंतीशी गेली, हात पोटाशी घेऊन वाकली, आणि तेव्हा पहिल्यांदा कण्हली.

यमुनाबाईंनी ओठावरचं रक्त बाहीनं पुसलं. काय बोलावं याचा विचार त्यांनी केला नाही. जे ठाऊक होतं ते सांगितलं. "ही रगतपिती नाही. पहिल्याच दिवशी मी यांच्या कोपरामागची शीर चाचपून पाहिली होती. रगतपितीत ती दोरीसारखी जाड होते. यांची नाही. अंगावर मुका चट्टाही नाही. मला कोणी विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

उकंडराव एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहत राहिला. दुसऱ्यात रक्त उतरलं होतं. "इचारलंच नाई म्या," तो म्हणाला.

भुवईला टाके घालायला त्या वाकल्या, आणि त्याचं अंग सरळ करताना त्यांचा तळवा त्याच्या छातीच्या मधोमध टेकला. तो कळवळला. मार तिथं लागला नव्हता. यमुनाबाईंनी बोटानं दाबून पाहिलं. दोन्ही वाढलेल्या उरांच्या मधे, छातीच्या हाडावर, सुपारीएवढा उंचवटा होता. दगडासारखा कठीण. दुखणं केव्हापासूनचं, असं विचारलं तर तो म्हणाला, सगळ्यात आधी तेच होतं. पण ते दाखवायचं तर बंडी काढावी लागली असती.

त्या रात्री त्यांना फार झोप लागली नाही. कॉलेजात असताना एका सरांनी विलायती मासिकातली दोन रोग्यांची हकिकत वाचून दाखवली होती. हाडात गाठ, आणि गाठीपासून लांब असलेले पाय लुळे. काळवंडलेली कातडी, पांढरी नखं. सर म्हणाले होते, हे एकत्र का येतं ते अजून कोणाला ठाऊक नाही. वर्ग हसला होता, कारण परीक्षेत ते विचारलं जाणार नव्हतं.

सकाळी त्यांनी छातीच्या हाडात घालायची जाड सुई उकळून घेतली. दोन्ही खांदे धरायला माणूस हवा होता. सईद धड उभा राहू शकत नव्हता. नाकाला बोळे लावलेला पुंजाजी रात्रभर व्हरांड्यात पडून होता. तो आपण होऊन आत आला आणि त्यानं भावाचे खांदे धरले. यमुनाबाईंनी बधिर करायचं औषध दिलं, ते कातडीपुरतं असतं. चांगल्या हाडात सुई थोड्या जोरानं शिरते, मग एकदम सैल पडते. इथं ती शिरेना. त्यांना स्टुलावर चढून सगळं वजन तळहातावर द्यावं लागलं, सुई डावी-उजवी पिळावी लागली. हाड करकरलं. पिचकारीचा दट्ट्या ओढला तेव्हा उकंडराव जनावरासारखा ओरडला आणि काहीच आलं नाही. पुन्हा घातली. पुन्हा ओरडला. तिसऱ्या वेळी पुंजाजी म्हणाला, "बस करा, बाई." यमुनाबाई थांबल्या नाहीत. आपण आता काय करतो आहोत आणि काल या खोलीत काय चाललं होतं यात वरून पाहणाऱ्याला फार फरक दिसणार नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. थेंबभर काहीतरी आलं.

तो थेंब काचेवर पसरून, रंगवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरला. हाडाच्या मगजात नाना तऱ्हेच्या पेशी असतात, बाजारात माणसं असावीत तशा. इथं एकाच जातीच्या होत्या. अंड्याच्या आकाराच्या, गाभा एका कडेला सरकलेला, गाभ्यात बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. रोगाशी लढायची द्रव्यं बनवणाऱ्या पेशी या. चांगल्या हाडात शंभरात दोन-चार सापडतात. इथं दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

यमुनाबाईंनी डोळा काढला, पुन्हा लावला, काच सरकवून सगळ्या कडा पाहिल्या. मग त्या बाहेर आल्या आणि दोघा भावांना व कोकिळाला एकत्र बसवून सांगितलं.

सोमल नव्हतं. रगतपिती नव्हती. छातीच्या एका हाडात पेशींची टोळी माजली होती, आणि ती रक्तात काहीतरी सोडत होती. त्यानं पाय गेले, कातडी काळी पडली, छाती वाढली, डोळ्यामागं सूज आली. विष होतं, पण ते आतच तयार होत होतं. या रोगाला त्यांना नाव सांगता येत नव्हतं. कदाचित नावच नसेल. पण गाठ एकाच हाडात असेल तर नागपूरला किरणांनी ती जाळता येते, आणि ती जळली की बाकीचं हळूहळू उतरतं. पायांना वर्ष लागेल.

पुंजाजीनं नाकातले बोळे नीट बसवले. मग त्यानं विचारलं, "केलं कोनं पन?"

"कोणीच नाही."

"असं कसं, बाई, कोनीच नाई?"

यमुनाबाईंनी पुन्हा तेच सांगितलं. त्याला ते कळलं नाही असं नव्हे. त्याच्या मुठी मांडीवर उघडत होत्या आणि मिटत होत्या. त्या कुठं ठेवाव्यात हे त्याला समजत नव्हतं. मग तो उठून व्हरांड्याच्या टोकाला गेला आणि खांबावर कपाळ आपटू लागला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा सईदनं मधे हात घातला आणि म्हणाला, "बस्स कर बे. दवाखान्यातलं प्लास्टर संपलं."

नागपूरच्या डॉक्टरांच्या नावानं यमुनाबाईंनी चिठ्ठी दिली. खामगावपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. एसटीची वेळ झाली तसा पुंजाजी पाठ वाकवून खाटेपाशी बसला आणि उकंडरावाला त्यानं पाठीवर घेतलं. सुजलेली दोन तोंडं एकमेकांशेजारी आली.

कोकिळा व्हरांड्यात उभी होती. हाताला नवी पट्टी होती, बगलेत तिचं गाठोडं होतं. सगळ्यांना वाटलं ती सोबत निघाली. नवऱ्याच्या आजारपणात बाईनं दुसरीकडं कुठं जायचं असतं? पायरी उतरायच्या आधी तिनं यमुनाबाईंना विचारलं, "वाचतीन का ते? खरं सांगा. आता अंदाजानं नका सांगू."

यमुनाबाईंनी तो शब्द निमूट घेतला. त्यांनी सगळ्या बाजूंनी विचार केला, आणि मग म्हणाल्या, "वाचतील. लगेच गेले तर वाचतील."

"चालतीन?"

"चालतील. काठी लागेल."

कोकिळानं मान डोलावली. पुंजाजी फाटकाशी थांबला होता. पाठीवरून उकंडराव वळून पाहत होता. "चाल ना व," तो म्हणाला. "गाडी सुटन."

"तुमी जा," कोकिळा म्हणाली. तुटलेल्या दातांमुळे ती सावकाश बोलत होती, म्हणून एकेक शब्द सगळ्यांना ऐकू आला. "मी माहेरले जाऊन राह्यली, धाडले, माह्या भावाकडं."

"कवा येशीन?"

"मी येत नाई."

"कोकिळे, म्या तुलेच जपत होतो. तुले रोग लागू नये म्हून..."

"हाव. मले ठाऊक हाय." तिनं पदर डोक्यावर ओढला. "चार दिस भिंतीपल्याड पडली होती मी. माहा हात मोडला ते तुमाले बाईनं सांगतलं. तुमी भिताडाकडं तोंड केलं. तुमी मरत असते तं मी संगं आली असती, मरनाऱ्या मानसाले सोडून कोन जाते? आता बाई म्हनते वाचतीन. मंग माहं काय काम?"

फाटकाबाहेर कंडक्टरनं घंटी दिली. पुंजाजीनं भावाला पाठीवर जरा वर सरकवून घेतलं आणि तो निघाला. उकंडरावाची मान वळलेलीच होती, एसटीत चढवेपर्यंत.

गाडी गेल्यावर कोकिळानं धाडची गाडी कुठून मिळते ते सईदला विचारलं. तो म्हणाला, चिखलीला बदलावी लागेल, आणि गाठोडं घ्यायला त्यानं हात पुढे केला. तिनं ते दिलं नाही. मोडका हात पोटाशी धरून, चांगल्या हाताच्या बगलेत गाठोडं घेऊन ती स्टँडाकडे चालू लागली. यमुनाबाई पायरीवर उभं राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होत्या. मग त्यांनी सईदला खोली फिनाईलनं धुवायला सांगितलं, आणि पुढच्या रोग्याला आत बोलावून त्याला आधी सदरा काढायला लावला.